हेलिओस ४४-२ : काय दुरुस्त करायचं आणि काय सोडून द्यायचं

३ जानेवारी

लेन्स आली. हेलिओस ४४-२, ५८ मिमी, एफ/२, एम ४२ आट्यांची. काकांची आहे. त्यांनी ती झेनिट या सोव्हिएत फिल्म कॅमेऱ्यावर भरपूर वापरली, मग कपाटात ठेवली. आता ती चुलतबहिणीला तिच्या फुलफ्रेम मिररलेसवर अ‍ॅडॉप्टर लावून वापरायची आहे, म्हणून आधी माझ्याकडे. सोबत काकांचा निरोप: "जरा नव्यासारखी करून दे."

दिसायला नव्यासारखी, की फोटोला? या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध वाटतो त्यापेक्षा बराच कमी असतो. त्यामुळे स्क्रूड्रायव्हरला हात लावायच्या आधी जे दिसतंय ते नुसतं लिहून काढते.

पुढच्या काचेवर, मध्यापासून साधारण ८ मिमी बाजूला, एक खोल चरा. लांबी ५ मिमीच्या आसपास. त्याच्या एका टोकाला छोटा टवका उडालेला. बाकी काचभर पुसण्याचे बारीक ओरखडे, पण ते टॉर्च तिरका धरल्याशिवाय दिसत नाहीत. फिल्टरच्या कडीला एका जागी पोचा, त्यामुळे ४९ मिमीचा फिल्टर धरतच नाही. बॅरलचा काळा रंग जिथे जिथे बोटं लागतात तिथे उडून अ‍ॅल्युमिनियम उघडं पडलंय. अ‍ॅपर्चरच्या आकड्यांतला पांढरा रंग जवळजवळ गेलाय. लेन्सचं तोंड, म्हणजे अ‍ॅपर्चर, लहानमोठं करणाऱ्या पात्यांवर तेल. आत थोडी धूळ. पुढच्या गटातल्या एका काचेत एक बुडबुडा.

फोकस रिंग थोडी जड फिरते, पण सलग फिरते, कुठे अडकत नाही. ती यादीत घेत नाही.

४ जानेवारी

खोलीत अंधार करून एलईडी टॉर्चने तपासणी. टॉर्च मागून मारून पुढून बघायचं, मग उलट, आणि नेहमी थोडं तिरकं. सरळ बघितलं तर डोळे दिपतात आणि काही कळत नाही.

पहिली शोधायची ती बुरशी. कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे फुटलेले बारीक तंतू कुठेही नाहीत. हे महत्त्वाचं आहे, कारण बुरशी दिसायला कितीही किरकोळ असली तरी ती वाढते आणि तिच्या स्रावाने कोटिंग, म्हणजे काचेवरचा परावर्तन कमी करणारा पातळ थर, खाल्लं जातं. ती सापडली असती तर बाकीची यादी बाजूला ठेवून आधी तेच काम केलं असतं. डिंकाने जोडलेल्या काचांमध्ये कडेला इंद्रधनुषी पट्टेही नाहीत, म्हणजे जोड सुटलेला नाही.

धूसरपणा मात्र आहे. पात्यांच्या पुढे आणि मागे जे दोन खोलगट पृष्ठभाग पात्यांकडे तोंड करून आहेत, त्या दोन्हींवर पातळ दुधी पडदा. पात्यांवरच्या तेलाशी याचा थेट संबंध. फोकसच्या आट्यांतलं ग्रीस जुनं झालं की त्यातलं हलकं तेल सुटतं, पात्यांवर येतं आणि हळूहळू त्याची वाफ जवळच्या काचेवर बसते.

गंमत अशी की तेलकट पाती या लेन्समध्ये तशी बिघाड नाहीत. शटर दाबल्यावर स्प्रिंगने झटकन मिटणाऱ्या पात्यांवर तेल आलं तर ती आळसावतात आणि फोटो जास्त उजळ येतात. इथे तसा स्प्रिंगचा प्रकारच नाही. हेलिओस ४४-२ प्रीसेट आहे, ८ पाती हाताने रिंग फिरवून उघडायची, हातानेच मिटायची. तेल असलं तरी मुकाट्याने फिरतात. म्हणजे पात्यांवरचं तेल हा दिसण्याचा दोष, आणि त्याच तेलाने काचेवर आलेला पडदा हा खरा दोष. यादी करताना मी दोन्ही एकाच ओळीत टाकायला निघाले होते.

धुळीचे कण आणि बुडबुडा यांच्यावर आजच फुली. जुन्या काळच्या चांगल्या चांगल्या लेन्समध्ये बुडबुडे असायचे. काच वितळवतानाच ते राहतात आणि प्रकाशाचं फारसं काही बिघडवत नाहीत.

मागची काच स्वच्छ. हाच चरा मागच्या काचेवर असता तर ही नोंदवही बहुधा इथेच मिटली असती. तिथून प्रकाशाच्या शलाका सेन्सरकडे अरुंद होत जातात, त्यामुळे तेवढ्याच चऱ्याचा वाटा मोठा होतो.

५ जानेवारी

काकांचा फोन.

"चरा पॉलिश करून टाक ना. घड्याळाची काच करतात तशी."

"काका, घड्याळाच्या काचेतून नुसते काटे बघायचे असतात. ही काच घासली तर तिचा आकार जाईल."

"अगं, किती जाईल? केसाएवढा?"

केसाएवढा गेला तर लेन्स संपलीच. त्यांना फोनवर जे नीट सांगता आलं नाही ते इथे मांडते, कारण नेटवर काच घासायची सेरियम ऑक्साइडची पूड घेऊन लेन्स चकचकीत करणारे लोक बरेच दिसतात आणि काकांनी त्यातला एक व्हिडिओ नक्कीच पाहिला आहे.

काचेवर जे निळसर-जांभळट कोटिंग दिसतं त्याची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या पाव पट असते. हिरव्या प्रकाशासाठी आणि मॅग्नेशियम फ्लोराइडसारख्या द्रव्यासाठी हिशोब केला तर सुमारे १०० नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. लाकडी टूथपिकच्या टोकाला जाणवणारा चरा त्याच्या कितीतरी पट खोल. चऱ्याच्या तळापर्यंत घासायचं तर कोटिंग पहिल्या काही मिनिटांतच जाणार आणि मग खाली उरलेली काच घासत बसायचं. फक्त चऱ्याची जागा घासली तर तिथे उथळ खळगा होतो, आणि उथळ खळगा हा स्वतःच एक छोटा भिंग असतो. पूर्ण काच घासली तर वक्रता बदलते. चांगल्या ऑप्टिकल पृष्ठभागाची चूक तरंगलांबीच्या अंशांत मोजतात, ती हाताने आणि फेल्टच्या तुकड्याने सांभाळता येत नाही.

आणि कोटिंग गेल्यावर काय? साध्या काचेच्या उघड्या पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. हेलिओसमध्ये ६ काचा ४ गटांत आहेत, म्हणजे हवा आणि काच भेटतात असे ८ पृष्ठभाग. सगळे उघडे असते तर चौथ्या भागाहून जास्त प्रकाश वाटेतच गळला असता, आणि गळून नुसता गेला नसता, आतल्या आत फिरून फोटोवर पांढुरकी साय होऊन बसला असता. एका चऱ्यासाठी आठातला सगळ्यात पुढचा पृष्ठभाग उघडा करायचा, हा सौदा मला मान्य नाही.

कोटिंगचा इतिहासही याच वादातला आहे. इंग्लंडमधल्या डेनिस टेलरने, म्हणजे ज्याने कुक ट्रिप्लेट ही तीन काचांची लेन्स रचली त्याने, १८९६ मध्ये पाहिलं की हवेने डागाळलेल्या जुन्या लेन्स नव्या लेन्सपेक्षा जास्त प्रकाश आत सोडतात. काचेवर आपोआप आलेला तो थर परावर्तन कमी करत होता. दिसायला ती काच खराब होती. पुढे १९३५ मध्ये झाइस या जर्मन लेन्स कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुलाने निर्वातात मुद्दाम असा थर चढवायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. त्याआधी एखाद्याने टेलरच्या डागाळलेल्या लेन्स घासून 'नव्यासारख्या' केल्या असत्या तर त्या आधीपेक्षा वाईट झाल्या असत्या.

पॉलिश बाद. काकांना शनिवारी सांगेन.

१० जानेवारी

दुरुस्तीआधीचे फोटो. हे आधी झालंच पाहिजे. लेन्स एकदा उघडली की 'पूर्वी कशी होती' हे कुणालाच आठवत नाही, सगळ्यांना फक्त आपली मेहनत आठवते.

मांडणी: कॅमेरा ट्रायपॉडवर, सगळं मॅन्युअल, आयएसओ १००, रॉ. समोर मधोमध काळं मखमली कापड, त्याच्या बाजूला छापील मजकुराचा कागद. एक एलईडी दिवा फ्रेमच्या जरा बाहेर, जो कोनाकोनांतून फिरवता येईल. दुसऱ्या मांडणीत लांब अंतरावर छोटे दिवे आणि फोकस मुद्दाम जवळ.

दिवा समोर नसताना, साध्या उजेडात: चऱ्याचा मागमूस नाही. एफ/२ ला, म्हणजे तोंड पूर्ण उघडं असताना नाही, एफ/८ ला, म्हणजे बरंच मिटलेलं असताना नाही. फोटो १०० टक्के मोठा करून शोधला तरी नाही. कॉन्ट्रास्ट मात्र थोडा मेलेला, सगळीकडे सारखाच. हा चऱ्याचा दोष नाही, आतल्या धुक्याचा आहे. फ्रेमच्या कुठल्याही कोपऱ्याकडे जाणाऱ्या प्रकाशाला पात्यांमधूनच जावं लागतं, त्यामुळे पात्यांशेजारचा पडदा सगळ्या फ्रेमला सारखा लागतो.

दिवा फ्रेमच्या बाहेरून मारला की चित्र बदलतं. काळं कापड राखाडी होतं. आणि दिवा एका विशिष्ट कोनात आला की फ्रेमच्या उजव्या बाजूला एक फिकट पट्टा उमटतो. दिवा बोटभर सरकवला की पट्टा जातो. पुढून बघितलं तर त्याच कोनात चरा आरशाच्या कडेसारखा पेटलेला दिसतो. म्हणजे पट्ट्याचा धनी सापडला.

मग पुठ्ठ्याचा तुकडा धरून दिव्याची सावली पुढच्या काचेवर पाडली. पट्टा गेला, आणि राखाडी झालेलं कापडही बरंचसं काळं झालं. संपूर्ण दिवसातला हा सगळ्यात उपयोगी फोटो.

फोकसबाहेरच्या दिव्यांच्या चकत्या: एफ/२ ला जवळजवळ प्रत्येक चकतीत एक बारीक रेघ, टोकाला ठिपका. चऱ्याचं अगदी चित्रच. फोकसबाहेरची चकती म्हणजे लेन्सच्या उघड्या भागाचीच आकृती असते, त्यामुळे तिथे काहीच लपत नाही. एफ/८ ला चकत्या अष्टकोनी आणि लहान होतात, आणि रेघ फक्त उजवीकडच्या काही चकत्यांत उरते. चराही, कॅमेऱ्यामागून बघितलं तर, उजवीकडेच आहे. पुढची काच पात्यांच्या पुढे असल्यामुळे उजवीकडच्या वस्तूचा प्रकाश तिच्या उजव्या भागातून आत शिरतो. चकतीत रेघ दिसते ती दोन दिवसांनी विसरायची. मागून येणाऱ्या उजेडात पट्टा दिसतो तो विसरून चालणार नाही, कारण या लेन्सने लोक हमखास उजेडाकडे तोंड करूनच फोटो काढतात.

११ जानेवारी

थोडा कागदी हिशोब. एफ/२ ला लेन्सचं उघडं तोंड ५८ भागिले २, म्हणजे २९ मिमी व्यासाचं. क्षेत्रफळ सुमारे ६६० चौरस मिमी. चरा ५ मिमी लांब, ०.१ मिमी रुंद धरला आणि टवक्याची भर घातली तर एक चौरस मिमी होतो. सहाशेसाठात एक. प्रकाश गेला असं म्हणायलाही लाज वाटावी इतका कमी.

एफ/१६ ला तोंड फक्त ३.६ मिमी व्यासाचं, १० चौरस मिमीचं. फ्रेमच्या मध्यासाठी चरा त्या वाटेतच येत नाही, तो ८ मिमी बाजूला आहे. उजवीकडच्या एका पट्ट्यासाठी येतो, आणि तिथे सर्वात वाईट धरलं तरी दहाव्या भागाच्या आतबाहेर प्रकाश अडतो. तेवढा फरक काठ हळूहळू विरणाऱ्या डागासारखा पसरतो, स्पष्ट रेघ कधीच होत नाही.

हिशोबावरून एक गोष्ट पक्की झाली. चरा प्रकाश अडवतो ही तक्रारच नाही. तो प्रकाश भलतीकडे फेकतो, ही तक्रार आहे. मग उपायही तसाच हवा: चरा काळा करायचा. जुनी माणसं यासाठी काळी इंडियन इंक भरायची. काचेची उघडी, खडबडीत कड चमकते. काळी कड चमकत नाही. प्रकाश थोडा जास्त अडेल, पण सहाशेसाठातला एकच.

रंग लावायच्या आधी तालीम केली. काळ्या मॅट चिकटपट्टीची चिंधी कापून चऱ्यावर ठेवली, चिकट बाजू अगदी हलकी. दिवा त्याच कोनात. पट्टा गायब. चकत्यांत मात्र रेघेच्या जागी जाड काळा चौकोन आला, कारण चिंधी चऱ्यापेक्षा बरीच रुंद होती. काम होतंय, फक्त रंग चऱ्याच्या आत राहायला हवा. चिकटपट्टी काढली, डिंकाचा डाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला.

१२ जानेवारी

पुसण्याच्या बारीक ओरखड्यांवर विचार. हे काळे करता येत नाहीत, ते संख्येने खूप आणि खोलीने जवळजवळ नाहीत. पण दिसायला जो एक खोल चरा भयंकर वाटतो त्यापेक्षा हे शेकडो नाजूक ओरखडे मिळून कॉन्ट्रास्टचं जास्त नुकसान करतात. जुनी लेन्स घेताना लोक नेमकं उलट बघतात: एका चऱ्याला घाबरतात आणि धुवट काचेला 'क्लीन' म्हणतात.

यावर काचेत काही उपाय नाही. बाहेर आहे. हुड, म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसवायची, बाजूचा उजेड अडवणारी नळी.

हुडला फिल्टरचे आटे हवेत, आट्यांवर पोचा आहे. यादीत पोचा मी दिसण्याच्या दोषांत लिहिला होता. आज तो तिथून उचलून वर ठेवला.

१७ जानेवारी

काकांना पॉलिशबद्दल सांगितलं. पटलं नाही. "मग चरा तसाच ठेवणार? विकायला काढली तर कोण घेईल?" विकायची नाहीये हे त्यांनाही माहीत आहे.

त्यांना ऑप्टिकल कारखान्यांची तपासणी कशी चालते ते सांगितलं, कारण काकांचं आयुष्य कारखान्यात गेलंय आणि टॉलरन्स म्हटलं की ते ऐकतात. अमेरिकी लष्कराच्या जुन्या मानकात काचेच्या पृष्ठभागाला दोन आकडे देतात, उदाहरणार्थ ६०-४०. पहिला चऱ्यासाठी, दुसरा खड्ड्यासाठी. खड्ड्याचा आकडा मोजमापाचा आहे: ४० म्हणजे ०.४० मिमी व्यास. चऱ्याचा आकडा मात्र रुंदीचा किंवा खोलीचा नाही. प्रमाण म्हणून ठेवलेल्या चऱ्याशेजारी धरून, ठरावीक उजेडात, तपासनीस डोळ्याने ठरवतो की हा त्याच्याइतका ठळक दिसतो की नाही. म्हणजे कारखान्यातसुद्धा ही मुख्यतः दिसण्याचीच परीक्षा.

"म्हणजे आमच्या पेंटशॉपसारखंच," काका म्हणाले. "फिनिशला नापास, फिटिंगला पास."

अगदी तेच. आता ठरवलं ते असं. आतला धूसरपणा काढायचा. पोचा काढायचा. चरा काळा करायचा. अ‍ॅपर्चरचे आकडे रंगवायचे, कारण प्रीसेट लेन्समध्ये ते वाचता आले नाहीत तर वापरायची कशी. ओरखडे, बुडबुडा, धूळ सोडून द्यायची. बॅरलच्या रंगाचं अजून ठरत नाही. काकांना तोच सगळ्यात जास्त सलतो.

१८ जानेवारी

लेन्स उघडली. पुढचा काचेचा गट बाहेर. काढण्याआधी कडीवर आणि बॅरलवर सुईने बारीक खूण केली, म्हणजे बसवताना गट त्याच जागी थांबला की कळेल. घट्ट कडीवर अ‍ॅसिटोनचा एक थेंब कडेने सोडला, थोडं थांबले, मग स्पॅनर. स्पॅनरची टोकं खाचेत पूर्ण बसेपर्यंत जोर द्यायचा नाही. घसरलेला स्पॅनर जो चरा पाडतो त्याच्यापुढे काकांचा चरा काहीच नाही.

आतला पडदा: लेन्स टिश्यूची घडी, टोकाला आयसोप्रोपिलचा ओलावा, आधी कडेला एका ठिपक्याएवढ्या जागेत करून बघितलं. कोटिंगचा रंग बदलला नाही. मग मध्यापासून बाहेर गोल गोल, प्रत्येक फेरीला टिश्यूची नवी बाजू. खोलगट पृष्ठभागात टिश्यूची कड मध्यभागी पोचत नाही आणि तेल काठाकडे नुसतं ढकललं जातं, म्हणून लाकडी काडीला टिश्यू गुंडाळून तिला घुमटासारखं टोक केलं. त्यानंतर पडदा निघाला. टॉर्च मारला तर काच आहे की नाही अशी शंका यावी इतकं साफ.

पात्यांवरचं तेल नॅप्थाने पुसलं. पाती सुटी केली नाहीत. ती सुटी करणं हे हौसेचं काम आहे, गरजेचं नाही. थोडं तेल पुन्हा येईल, ग्रीस बदलल्याशिवाय ते थांबत नाही, आणि फोकस नीट चालत असताना ग्रीसला हात लावायचा नाही.

मग पोचा. काच बाहेर असतानाच हे करायचं. लेन्स व्हाइस म्हणजे दोन अर्धगोल जबडे, स्क्रू फिरवला की एकमेकांपासून लांब जातात आणि कडीला आतून दाबतात. अ‍ॅल्युमिनियम एकदा वाकवलं की तिथे कडक होतं आणि परत वाकवताना चिरू शकतं, म्हणून थोडा दाब, सोड, जबडे जरा फिरव, परत थोडा दाब. कडी शंभर टक्के गोल झाली नाही. एका जागी बोट फिरवलं तर उंचवटा लागतो. जुना पितळी फिल्टर घेऊन आट्यांत धीराने पुढे-मागे फिरवला, ०.७५ मिमीचे आटे आहेत, एक आटा चढला की बाकीचे मागे येतात. आता फिल्टर बसतो. शेवटच्या फेरीला जरा कुरकुरतो.

एक गोष्ट नजरेला आली. पोच्याच्या जागी कडीच्या आतला काळा रंग उडून धातू उघडा आहे, काचेच्या अगदी तोंडाशी. तिरका उजेड आला की तो चमकून आतच फेकणार. बाहेरच्या बॅरलवर हाताएवढा रंग उडाला तरी फोटोला कळत नाही आणि इथला नखाएवढा कळतो. तिथे मॅट काळा रंग लावला. दुसरा हात उद्या.

२४ जानेवारी

चऱ्यात रंग. पुढचा गट टेबलावर आडवा, चरा वर, शेजारी भिंग आणि टेबललॅम्प. मॅट काळा अ‍ॅक्रिलिक, पाण्याचा एक थेंब घालून सैल केलेला. टूथपिक ब्लेडने टोकदार केली.

थेंब टवक्यात ठेवला. तो ठेवल्या ठेवल्या स्वतःच चऱ्यात शिरला आणि रेघेने पुढे सरकत गेला, अर्ध्यापर्यंत. बारीक फटीत द्रव आपोआप ओढला जातो हे माहीत असतं, पण भिंगाखाली ती काळी टोकदार जीभ सरकताना बघण्यात वेगळीच मजा. उरलेला अर्धा दुसऱ्या टोकाकडून भरला. रंग पूर्ण सुकू दिला नाही. कापसाची काडी पाण्याने नुसती दमट करून चऱ्याला आडवी, एकाच दिशेने फिरवली. चऱ्याच्या दिशेने पुसलं तर आतला रंग उपसून येतो. वरचा रंग गेला, आतला राहिला.

इंडियन इंकऐवजी अ‍ॅक्रिलिक घेतलं ते मॅट सुकतं म्हणून, आणि चुलतबहिणीला उद्या नको वाटलं तर अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने निघतं म्हणून. या अख्ख्या कामात परत फिरवता येईल अशी ही एकच दुरुस्ती, आणि म्हणूनच ती करायला हात थरथरला नाही.

काळा झाल्यावर चरा आधीपेक्षा जास्त ठळक दिसतो. काकांना हे कसं सांगायचं?

२५ जानेवारी

गट खुणेवर आणून बसवला. पुन्हा तीच मांडणी, तोच दिवा.

आधी सपाट छापील कागदाचे चारही कोपरे तपासले. काच काढून बसवली की ती किंचित कलती बसल्याची शक्यता असते, आणि मग एक कोपरा कायमचा मऊ होतो. चारही कोपरे १० तारखेसारखेच. हेलिओसचे कोपरे एफ/२ ला तसेही मऊच असतात. मूळची झाइसच्या बायोटार या लेन्सची रचना, त्यात मधली धार चांगली आणि कडेला पार्श्वभूमी गरगर फिरते. लोक याच गरगरीसाठी ही लेन्स शोधतात, तेव्हा तिला दोष तरी कसा म्हणायचा.

साध्या उजेडात कॉन्ट्रास्ट सुधारलाय, नुसत्या डोळ्यांना कळेल इतका. हे श्रेय पूर्ण आतल्या सफाईचं.

दिवा बाहेरून: पट्टा नाही. कोन बदलून बदलून शोधला. एका कोनात अगदी अंधुक काही तरी आहे, ते टवक्याच्या काठावरचं, तिथे रंग धरलेला नाही. सोडून दिलं. काळं कापड अजून थोडं राखाडी, ते ओरखड्यांमुळे. मग ४९ मिमीचा धातूचा हुड चढवला आणि कापड काळं झालं. हुडमुळे एफ/२ ला आणि अनंतावर फोकस ठेवून कोपरे कापले जातात का तेही बघितलं. नाहीत.

चकत्यांत रेघ आहेच, आता जास्त काळी. हे अपेक्षित होतं.

३१ जानेवारी

आकडे. खाचांमध्ये उरलासुरला रंग आणि मळ होता, तो नॅप्था आणि मऊ ब्रशने काढला. पांढरा इनॅमल खाचेत भरला, थोडा ओघळू दिला, मग कडक पुठ्ठ्यावर कापड ताणून वरून सरळ ओढलं. कापड नुसतं बोटावर गुंडाळलं तर ते खाचेत शिरून रंग चाटून नेतं. २ ते १६ सगळे वाचता येतात. ८ जरा भरडा झालाय.

बॅरलचं आज ठरवलं. नाही रंगवायचं. वरून रंग मारला तर तो धारांवर पुन्हा आधी तिथेच उडेल, जिथे बोटं लागतात. शिवाय फिरत्या रिंगांच्या फटीत गेलेला थेंब सुकून भुकटी झाला की आट्यांत जातो. बिनकामाच्या जागेसाठी चालत्या जागेत घाण घालायची नाही.

काका संध्याकाळी आले. टॉर्च घेऊन. अर्थातच आधी चरा बघितला.

"हा तर आता जास्तच दिसतोय!"

दोन फोटो शेजारी शेजारी उघडले, १० तारखेचा आणि २५ तारखेचा. त्यांनी चष्मा वर केला, स्क्रीनजवळ गेले, पट्टा जिथे होता तिथे बोट ठेवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग लेन्स उचलून फिल्टरच्या कडीवर बोट फिरवलं आणि नेमका तो उंचवटा शोधून काढला.

"हे गोल नाही झालं."

"नाही झालं. पण हुड बसतो."

"रंग तरी मारायचा होतास बाहेरून."

"तुमची बोटं लागून गेलाय तो. तिची लागली की परत जाईल."

हुड चढवून बघितला, शेवटच्या फेरीला कुरकुरला. त्यांनी परत काढला, आट्यांना चिमूटभर ग्रेफाइट लावायला सांगितलं. ते बरोबर आहे. पेन्सिलचं शिसं किसून लावलं. कुरकुर गेली.

२ फेब्रुवारी

लेन्स पाठवली. सोबत चिठ्ठीत इतकंच: हुड काढू नकोस. पुढची काच फुंकणीने साफ कर, कापड शक्य तितकं कमी लाव. चऱ्यातला काळा रंग मळ नाही, तो खरवडू नकोस. वर्षभराने आत टॉर्च मारून बघ. पात्यांशेजारी परत पडदा धरला असेल तर पाठव, त्या वेळी ग्रीस बदलू.